ही कांस मासे जगवते का? बडोद्यातलं एक प्रकरण

बडोद्याच्या दक्षिण टोकाला एका सोसायटीच्या मागून एक कांस वाहते आणि पुढे विश्वामित्री नदीला मिळते. पावसाचं पाणी नदीपर्यंत नेणारे असे ओढे शहरात बरेच आहेत. भूखी कांस, रूपारेल कांस ही नावं बडोदेकरांना पाठ असतात. ही कांस त्यांच्यापेक्षा लहान. सोसायटीने तिचं पाणी एका खाजगी प्रयोगशाळेतून तपासून घेतलं. अहवाल एका पानाचा होता: नमुना फेब्रुवारीतला, दुपारी दोनचा, विरघळलेला प्राणवायू लिटरला ९.४ मिलिग्रॅम, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) ८.४, आणि खाली शेरा, 'डी वर्गाच्या निकषांत बसते, मत्स्यजीवनास योग्य.'

त्या एका ओळीवर तीन बेत उभे राहिले. काठावर पायऱ्या बांधून मुलांना पाण्यात उतरण्याजोगी जागा करायची. रोहू-कटल्याचं मत्स्यबीज सोडायचं. आणि पलीकडच्या वस्तीतली जी कुटुंबं पूर्वीपासून इथे जाळं टाकत आली, त्यांना निर्धास्तपणे मासे धरू द्यायचे. तिन्ही बेत चांगल्या मनाने केलेले होते. सोसायटीत बरीच घरं मराठी आहेत, दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातले जुने वाडे सोडून इकडे आलेली. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर शहरात जो तो विश्वामित्रीबद्दल बोलू लागला होता, आणि आपल्या दारच्या पाण्यासाठी आपणच काही करावं ही ऊर्मी खरी होती. सेक्रेटरी काकांनी पैसे मोकळे करण्याआधी तो अहवाल माझ्याकडे पाठवला. "जरा नजर टाक रे, मग कामाला लागतो," एवढंच त्यांचं म्हणणं.

अहवालातला आकडा खरा होता. पण तो दुपारी दोनचा होता, आणि सगळं प्रकरण त्यातच होतं.

२८ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात हवेतून जास्तीत जास्त ७.८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. तापमान वाढलं की ही मर्यादा आणखी खाली येते. मग संथ वाहणाऱ्या, खळाळ नसलेल्या कांसेत ९.४ आला कुठून? हवेने तो दिलेला नाही. तो पाण्यातच तयार होतो आहे, शेवाळातून. हिरवं शेवाळ ऊन असेपर्यंत प्राणवायू सोडतं, आणि सूर्य मावळला की तेच शेवाळ आणि तळाच्या गाळातले जीवाणू मिळून तो संपवत बसतात. म्हणजे दुपारचा आकडा जितका भपकेदार, तितकी पहाटेची काळजी जास्त. अहवाल वाचून मला आनंद होण्याऐवजी धास्ती वाटली ती यामुळे.

डी वर्ग काय विचारतो आणि काय विचारत नाही

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्या-ओढ्यांच्या पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत, ए ते ई. बी वर्ग आंघोळीचा: प्राणवायू किमान ५, बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू) ३ च्या आत, पीएच ६.५ ते ८.५, एकूण कोलिफॉर्म (मैलापाण्याची खूण मानले जाणारे जीवाणू) १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत. सामूहिक आंघोळीच्या जागांसाठी २००० साली वेगळी अधिसूचनाही निघाली; तिच्यात विष्ठेतल्या कोलिफॉर्मची इष्ट मर्यादा ५०० आणि कमाल २,५०० आहे. डी वर्ग वन्यजीव आणि माशांचा. त्याच्या अटी तीनच: पीएच ६.५ ते ८.५, प्राणवायू किमान ४ मिलिग्रॅम, आणि मुक्त अमोनिया नायट्रोजनच्या हिशेबाने १.२ मिलिग्रॅमच्या आत.

या तीन अटी नीट वाचल्या की दोन गोष्टी दिसतात. एक, खाजगी अहवालात तिसरी अट तपासलेलीच नव्हती. अमोनियाचा रकाना नव्हता. दोन, डी वर्ग मासा जगेल का एवढंच विचारतो. तो मासा माणसाने खावा का, हा प्रश्न त्यात येतच नाही. जड धातूंचा तिथे उल्लेख नाही, जंतूंचा नाही. मुलांनी पाय बुडवावेत का, हे तर पूर्णपणे बी वर्गाचं क्षेत्र. एका शेऱ्यावर तीन बेत उभे होते आणि त्यातल्या दोघांचा त्या शेऱ्याशी संबंधच नव्हता. हे सोसायटीच्या बैठकीत सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "मग एवढे पैसे घेऊन त्यांनी तपासलं काय?" त्यांना जेवढं सांगितलं होतं तेवढं तपासलं. नमुना कशासाठी घ्यायचा हे ठरवल्याशिवाय बाटली भरली की असंच होतं.

पाणी येतं कुठून

रसायनं काढण्याआधी कांस पायी फिरून पाहिली. रसायनशास्त्र शिकणाऱ्या दोन विद्यार्थिनी बरोबर होत्या. फेब्रुवारी महिना, शेवटचा पाऊस होऊन महिने उलटलेले, वरच्या अंगाला एकही झरा नाही. अशा वेळी ही कांस कोरडी पडायला हवी, फार तर जागोजाग डबकी उरायला हवीत. पण ती वाहत होती, आणि वाहत होती म्हणजे कोणीतरी पाणी सोडत होतं.

त्याचा माग एका बांबूने लावला. पात्रात बांबू रोवून त्यावर खुणा केल्या आणि दर अर्ध्या तासाने पातळी लिहिली. पहाटे पाणी सर्वांत खाली. सकाळी नळ येऊन गेले, आंघोळी आणि धुणी झाली की पातळी चढू लागायची, साडेनऊच्या सुमारास सर्वांत वर, आणि दुपारी पुन्हा उतार. पावसाच्या किंवा झऱ्याच्या पाण्याला घरातल्या नळाचं वेळापत्रक माहीत नसतं. हा सगळा प्रवाह घराघरांतून येत होता.

पण कुठल्या घरांतून? सांडपाण्याची वाहिनी रस्त्याखालून वेगळी जाते, आणि कांसेत उघडणारे पाइप पावसाच्या पाण्याचे आहेत असं सगळ्यांचं म्हणणं होतं. वरच्या अंगाचा एक मोठा पाइप शेजारच्या वसाहतीचा होता. दुसरा, हातभर व्यासाचा, खुद्द या सोसायटीच्या भिंतीखालून निघत होता. कोरड्या दिवसांत त्यातून बारीक धार चालू होती, तोंडाशी राखाडी लिबलिबीत थर, आणि धार पडते तिथे साबणाचा फेस.

काकांच्या परवानगीने फ्लोरेसिन वापरलं. हा हिरवा चमकदार रंग माग काढण्यासाठी जगभर वापरतात. सी विंगमधल्या एका घराच्या वॉशिंग मशीनच्या जाळीत तो ओतला आणि एक विद्यार्थिनी पाइपाच्या तोंडाशी बसली. काही मिनिटांतच तिचा फोन आला. काका स्वतः उतरून बघायला आले. पाइपातून पोपटी धार पडत होती आणि कांसेत दहा-बारा हात लांब पट्टा उमटला होता. बाल्कनी बंद करून तिथे धुण्याची जागा केलेल्या घरांनी आपलं पाणी सोयीचं म्हणून गच्चीच्या पावसाळी पाइपात सोडलं होतं. दोन घरांनी तर बाल्कनीत न्हाणीघरच काढलं होतं. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. तो पाइप कुठे जातो, हे कोणी विचारलंच नव्हतं.

असं चित्र आपल्या शहरांत फार ठिकाणी आहे. नदी स्वच्छ करण्याच्या चर्चेत कारखान्यांचं नाव आधी येतं, आणि ते यायलाच हवं. पण लहान ओढ्याला मारायला कारखाना लागत नाही. चाळीस वॉशिंग मशीन पुरतात.

पहाट आणि दुपार

मोजणीच्या जागा तीन ठेवल्या: वरचा, दोन्ही पाइपांच्या आधीचा टप्पा, जिथे थोडंच पाणी साचून असतं, मधला, सोसायटीच्या मागचा, आणि खालचा, विश्वामित्रीच्या अलीकडचा, जिथे जलपर्णीने पाणी झाकून टाकलं आहे. वेळा दोन: सूर्य उगवण्याआधी आणि दुपारी तीन.

प्राणवायू मोजणारा हातातला मीटर होता, तरी पडताळ्यासाठी विंकलर ही रासायनिक पद्धतही केली. ती सोसायटीतल्या मुलांनाही दाखवायची होती. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा न राहता भरायची. त्यात मँगेनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड. बूच लावून उलटसुलट केलं की बाटलीत ढगासारखा साका तयार होतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तो तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. मधल्या टप्प्यावरच्या दोन बाटल्या मुलांनी शेजारी ठेवून पाहिल्या. दुपारची गडद तपकिरी, जवळजवळ काळ्या चहासारखी. पहाटेचीत पांढरा साका आणि त्यात जेमतेम पिवळसर झाक. पाणी तेच, जागा तीच. त्या दोन बाटल्यांनी जे पटवून दिलं ते माझ्या कुठल्याही तक्त्याने दिलं नसतं.

मधल्या टप्प्यावरचे आकडे असे. पहाटे तापमान २१ अंश, प्राणवायू १.१, पीएच ७.४. दुपारी तापमान २८ अंश, प्राणवायू ११.८, पीएच ८.९. डी वर्गाची अट ४ ची. दुपारी ती जवळजवळ तिप्पट पुरी होते आणि पहाटे पाव हिश्शाच्या जेमतेम वर. मासा दुपारच्या प्राणवायूवर रात्र काढू शकत नाही. त्याला रोज पहाट ओलांडावी लागते.

दुपारचं पाणी तरी माशाला चांगलं आहे का? इथे अमोनियाने डाव उलटवला, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे.

सांडपाण्यातला अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक अमोनियम, ज्याचा माशाला फारसा त्रास नाही. दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून थेट आत शिरतो आणि विषारी असतो. दोघांचं प्रमाण पीएच आणि तापमानावर ठरतं. शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएच चढतो, आणि पीएच चढला की निरुपद्रवी रूपाचं विषारी रूप होऊ लागतं. पहाटे एकूण अमोनिया ६ मिलिग्रॅम होता. २१ अंश आणि ७.४ पीएचला त्यातला जेमतेम एक टक्का मुक्त, म्हणजे ०.०६. चिंता नाही. दुपारी एकूण अमोनिया थोडा उतरून ५ झाला, पण २८ अंश आणि ८.९ पीएचला त्यातला ३५ टक्क्यांच्या वर भाग मुक्त झाला. १.८ मिलिग्रॅम. मर्यादा १.२.

म्हणजे पहाटे प्राणवायू नाही पण अमोनिया सुरक्षित. दुपारी प्राणवायू भरपूर पण अमोनिया विषारी, आणि पीएचही ८.५ च्या पलीकडे. चोवीस तासांत या दोन्ही वेळी पाणी नापास झालं, आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या कारणांनी. पीएच प्रयोगशाळेत नेऊन काही तासांनी मोजला की हवेशी संपर्क येऊन तो खाली घसरतो, ८.४ हा आकडा तसाच आला असावा. पीएच, तापमान आणि प्राणवायू काठावरच मोजायचे किंवा काठावरच बांधून टाकायचे, हा नियम त्यासाठीच आहे.

जलपर्णीखालचं पाणी वेगळंच बोलत होतं. तिथे दुपारी तीनलाही प्राणवायू ०.६. पानांच्या गच्च थराखाली ऊन पोचत नाही, शेवाळ वाढत नाही, हवेतूनही फार काही मिसळत नाही, आणि कुजणारी मुळं असलेला प्राणवायू खाऊन टाकतात. वरून पाहिलं तर सगळ्यात हिरवी जागा हीच.

मगर आहे म्हणजे पाणी चांगलं?

खालच्या टप्प्यावर चिखलात मगरीच्या पोटाची घसरण स्पष्ट दिसली, शेपटीची रेघही. बडोद्याला याचं नवल नाही. विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत, भर शहरातून वाहणाऱ्या नदीत, आणि हे आपल्या शहराचं खरोखर दुर्मीळ धन आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात या मगरीला जागा आहे. पण बैठकीत एका मावशींनी जे म्हटलं ते मी शहरात पुष्कळदा ऐकतो: "मगरी राहतात, कासवं राहतात, म्हणजे पाणी एवढं वाईट नसणार."

मगर फुफ्फुसाने श्वास घेते. पाण्यात प्राणवायू एक असो की शून्य, तिला डोकं वर काढलं की हवा मिळते. कासवाचंही तसंच. ती आहेत यावरून एवढंच कळतं की त्यांना खायला मिळतं आणि काठ अजून पुरता काँक्रीटचा झालेला नाही. पाण्याच्या तब्येतीबद्दल त्यांची साक्ष धरता येत नाही.

माशांतही हाच भेद आहे. मधल्या टप्प्यावर जाळ्यात आले ते मरळ, मागूर, तिलापिया आणि डासांच्या अळ्या खाणारे छोटे गप्पी. मरळ आणि मागूर वर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतात. मागूरमध्ये काही थाई मागूरही होते, जो पाळायला देशात बंदी आहे आणि तरी सगळीकडे पोचला आहे. तिलापिया कमी प्राणवायूत तग धरतो, गप्पी पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरात तोंड लावून जगतात. जे मासे आले त्यांच्या यादीनेच सांगितलं की कल्ल्यांवर अवलंबून असलेल्याला इथे जागा नाही. रोहू-कटल्याचं बीज सोडलं असतं तर आठवडाभरात पहाटे तरंगताना दिसलं असतं.

खरी साक्ष पाणकिड्यांनी दिली. तळ ढवळून जाळीत घेतलेला गाळ पांढऱ्या ताटात पसरला. लालभडक बारीक अळ्या वळवळत होत्या. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या जवळपास प्राणवायू नसलेल्या गाळात जगतात. ट्युबिफेक्स किड्यांचे पुंजके. लांब नळीने वरची हवा घेणाऱ्या अळ्या, क्युलेक्स डासांच्या अळ्या, डावीकडे वळलेल्या शिंपल्याच्या गोगलगायी. भरपूर प्राणवायू लागणाऱ्या मेफ्लाय या कीटकाचं एकही पिल्लू नाही, चतुराचं नाही. वरच्या टप्प्यावरच्या डबक्यात मात्र चतुर आणि टाचणी दोघांची पिल्लं मिळाली, आणि एका विद्यार्थिनीने मेफ्लायची बारीक तीन शेपट्यांची पिल्लं ओळखली. हे फार मोलाचं होतं. अडीचशे मीटर वर जीवन शिल्लक आहे आणि पाइपांनंतर ते नाही. आकड्यांवर वाद घालता येतो, मोजणीची वेळ चुकली असं म्हणता येतं. पण पाणकिडे महिनोन्‌महिने तिथेच राहतात. प्रत्येक पहाट आणि प्रत्येक दुपार त्यांच्या अंगावरून गेलेली असते. केंद्रीय मंडळाच्या जैविक निकषांत ओढ्याची प्रत या किड्यांवरून ठरवायची सोय आहे, आणि ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी तिचा जरूर उपयोग करावा.

पलीकडच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या काकांना आम्ही आमचे आकडे सांगायला गेलो. ते गुजरातीत जे म्हणाले त्याचा अर्थ असा: उन्हाळा लागला की पहाटे मासा वर येऊन तोंड वासतो, ते दिसलं की आम्ही त्या दिवशी जाळं टाकत नाही, कारण तो मासा लवकर नासतो. प्राणवायूची पहाटेची पडझड त्यांना मीटरशिवाय माहीत होती. अभ्यास सुरू होण्याआधी त्यांना विचारलं असतं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला असता, आणि आता अशा कामात मी आधी जाळं टाकणाऱ्यांकडे जा असं सगळ्यांना सांगतो.

धरलेला मासा खायचा का

हा प्रश्न त्या कुटुंबांच्या रोजच्या जेवणाचा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. जंतूंचा भाग सोपा आहे. नीट शिजवलेल्या माशातले विष्ठेतले जंतू मरतात. धोका असतो तो मासा कांसेच्याच पाण्यात साफ करण्यात, हाताला काप असताना आतडी काढण्यात आणि त्याच हाताने भाकरी थापण्यात. मासा नळाच्या पाण्याने धुवा, साफ करण्याची पाटी वेगळी ठेवा, हे सांगितलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं.

धातू शिजवून जात नाहीत. वरच्या वसाहतीच्या बाजूला काठावरच एक भंगारवाडा आहे आणि तिथे जुन्या बॅटऱ्या फोडलेल्या दिसल्या. बॅटरी म्हणजे शिसं. पाण्याच्या एका नमुन्यात शिसं सापडलं नाही म्हणून सुटका होत नाही, कारण ते गाळाला चिकटतं आणि तळ उकरून खाणाऱ्या माशात साठत जातं. शिसं हाडांतही साठतं, त्यामुळे काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे जास्त काळजीचे. म्हणून सल्ला असा दिला: गाळ आणि माशाचं मांस या दोन्हींची धातूंसाठी तपासणी होईपर्यंत भंगारवाड्याच्या खालचा मासा घरात, विशेषतः गरोदर बायका आणि लहान मुलांना, देऊ नये, आणि नमुन्यात मरळ स्वतंत्र ठेवावा, कारण मासे खाणाऱ्या माशात पारा अधिक साठतो. या कुटुंबांचं उत्पन्न बुडणार होतं. सोसायटीने त्यांच्यासाठी जवळच्या एका गावतळ्यात मासेमारीची परवानगी मिळवायला अर्ज करून दिला, आणि मला ते सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त आवडलं.

मुलं आणि पायऱ्या

इथे निर्णय लगेच झाला. सकाळी साडेनऊच्या चढत्या पाण्यातल्या नमुन्यात विष्ठेतले कोलिफॉर्म १०० मिलिलिटरला लाखाच्या वर. कमाल मर्यादा २,५००. दुपारच्या नमुन्यात ते बरेच कमी भरले, कारण कडक ऊन आणि चढलेला पीएच वरच्या थरातले जंतू मारतात. इथेही दुपारने पाण्याला उगाच चांगले गुण दिले. शिवाय दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस दर वर्षी डोकं वर काढतो. तो उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरतो आणि कोलिफॉर्मच्या चाचणीत दिसत नाही. आणि मगर आहेच. पाणी उद्या बी वर्गाचं झालं तरी या काठावर मुलांना उतरवायचं नाही. तसं केलं तर कधी ना कधी अपघात होईल आणि त्याचा राग मगरीवर निघेल.

पण मौजमजा म्हणजे पाण्यात उतरणंच नव्हे. काठावरून चालणं, पक्षी बघणं, मगरीची घसरण दुरून ओळखायला शिकणं, यासाठी कोलिफॉर्मचा निकष लागत नाही. पायऱ्यांचा नकाशा रद्द झाला आणि त्याच पैशांत पाण्यापासून आठ मीटर आत कठडा घातलेली पायवाट झाली. गणपती विसर्जन पूर्वीसारखं कृत्रिम तलावातच.

त्यानंतर

सोसायटीने भिंतीखालचा पाइप आधी हाती घेतला. ज्या घरांची धुण्याची जागा पावसाळी पाइपाला जोडली होती त्यांनी ती सांडपाण्याच्या उभ्या वाहिनीला जोडून घेतली. काही घरांनी खर्चावरून कुरकुर केली, तेव्हा काकांनी त्यांना पोपटी धारेचा फोटो दाखवला आणि निम्मा खर्च देखभाल निधीतून दिला. जलपर्णी उपसताना मगरीच्या अंडी घालण्याचा काळ सांभाळायला हवा होता. मादी फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत कोरड्या काठावर खड्डा करून अंडी घालते. म्हणून ते काम वनखात्याला कळवून पावसाळ्यानंतर, फक्त पाण्याच्या बाजूने आणि मशीन काठावर न चढवता केलं.

पुढच्या फेब्रुवारीत त्याच मधल्या टप्प्यावर पहाटेचा प्राणवायू २.८ भरला, एकूण अमोनिया २.३, सकाळचे कोलिफॉर्म १७,०००. दुपारचा प्राणवायू ८.६ वर उतरला होता आणि पीएच ८.४ वर. प्राणवायू उतरला हे ऐकून ग्रुपवर हळहळ झाली, आणि ही चांगली बातमी आहे हे पुन्हा समजावून सांगावं लागलं: सांडपाण्यातून शेवाळाला मिळणारं खत कमी झालं, शेवाळ कमी झालं, म्हणून दिवस-रात्रीचा झोका लहान झाला. मुक्त अमोनिया आता मर्यादेच्या आत आहे. पहाटेचा प्राणवायू अजून ४ च्या खाली आहे, त्यामुळे डी वर्ग मिळालेला नाही आणि मत्स्यबीज सोडलेलं नाही.

राहिलेला दोष वरच्या मोठ्या पाइपाचा. त्याच्यासाठी पातळीची नोंदवही, दोन्ही वेळांचे आकडे आणि पाणकिड्यांचे फोटो जोडून रीतसर अर्ज दिला आहे, आणि शेजारच्या वसाहतीच्या समितीला फ्लोरेसिनची चाचणी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला बोलावलं आहे. पुढच्या मोजण्यांचं वेळापत्रक पायवाटेच्या फलकावर लावलं आहे: प्राणवायूसाठी सूर्योदयापूर्वी, अमोनिया आणि पीएचसाठी दुपारी तीन, जंतूंसाठी सकाळी साडेनऊ. ज्या वापरासाठी पाणी तपासायचं त्या वापराला सर्वांत वाईट असलेली वेळ निवडायची, एवढा एकच नियम त्यामागे आहे. पहाटेची बाटली आता सोसायटीतली नववी-दहावीची मुलं कठड्याच्या आतून, दोरीच्या टोकाला बांधलेल्या नमुनापात्राने भरतात, आणि एक मोठं माणूस बॅटरी घेऊन पाण्याकडे लक्ष ठेवून उभं असतं.